फिल्टरवर लागायचंय? मग पाण्याच्या मागं चालायला शिका

मराठवाड्यात या कामाला कुणी ‘जलशुद्धीकरण केंद्र चालक’ म्हणत नाही. ‘पोरगा फिल्टरवर लागलाय’ म्हणतात, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की पोरगा रात्री दोन मोटारी चालू-बंद करतो आणि उरलेला वेळ झोपतो. काही ठिकाणी ते खरंही आहे. पण पैठणपासून किनवटपर्यंत कुठल्याही गावात नळ सुटतो, तेव्हा त्या पाण्यात तुरटी किती पडली आणि क्लोरीन किती उरलं हे कुणीतरी एकट्या माणसानं रात्री दोन वाजता ठरवलेलं असतं. तो माणूस व्हायचं असेल तर काय शिकायचं, कुठं आणि कोणत्या क्रमानं, ते इथं लिहितोय. सतरा वर्षं हेच काम केलंय, त्यामुळं काही गोष्टींवर जरा जास्तच बोलेन.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. अमेरिकेत पाण्याचा प्लांट चालवायला परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो. आपल्याकडे वायरमनला परवाना लागतो, पण लाखभर लोकांचं पाणी शुद्ध करणाऱ्याला तसा सक्तीचा परवाना नाही. त्यामुळं आत शिरणं सोपं आहे आणि शिकवायला कुणी बांधील नाही. तुमचं ट्रेनिंग तुम्हालाच उभं करावं लागतं, आणि माझ्या मते त्याला पुरतं एक वर्ष लागतं. धरण तेच, नदी तीच, पण मे महिन्यातलं पाणी आणि जुलैतलं पाणी ही दोन वेगळी पाणी आहेत. दोन्ही हाताळल्याशिवाय ऑपरेटर तयार होत नाही, प्रमाणपत्र कितीही मोठ्या अक्षरात छापलेलं असो.

शिक्षण कोणतं घ्यावं

दहावी हवीच, तीही गणित-विज्ञानासह. त्यापुढं आयटीआय हा सरळ रस्ता. ‘पंप ऑपरेटर कम मेकॅनिक’ हा एक वर्षाचा ट्रेड नावानं अगदी आपला वाटतो. पण मला कुणी विचारलं तर मी दोन वर्षांचा इलेक्ट्रिशियन किंवा फिटर करायला सांगतो. रात्री प्लांट बंद पडतो तो तुरटीमुळं नाही, मोटार ट्रिप झाल्यामुळं किंवा व्हॉल्व्हचा स्पिंडल अडकल्यामुळं. ज्याला स्टार्टर उघडून बघता येतो त्याला ठेकेदार सोडत नाही. ‘अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लांट’ हा ट्रेड जवळपास मिळत असेल तर तोही चांगला. डोसिंग, पंप, मोजमाप असं सगळं त्यात येतं, शिवाय एमआयडीसीतल्या कारखान्यांचं दारही उघडं राहतं. रसायनशास्त्र घेऊन बीएस्सी केलेल्यांनी थेट लॅबकडं बघावं, पाळीत अडकू नये.

छत्रपती संभाजीनगरला ‘वाल्मी’ आहे म्हणून पुष्कळ पोरं तिथं चौकशी करायला जातात. ती संस्था मुळात सिंचनाची, शेताच्या पाण्याची. पिण्याच्या पाण्यासाठी महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाची ‘मित्रा’ ही प्रशिक्षण संस्था नाशिकला आहे. तिथं मुख्यतः आधीच नोकरीत असलेल्यांना पाठवतात, तेव्हा नोकरी लागली की साहेबांच्या मागं लागून एकदा तरी जाऊन या.

गावातच राहायचं असेल तर ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक ही पहिली पायरी धरा. टाकीत ब्लिचिंग टाकणं, क्लोरीन तपासणं, नमुने लॅबला पोचवणं ही त्याची कामं. जलजीवन मिशनमध्ये ‘नल जल मित्र’ म्हणून प्लंबिंग, वीज आणि पंप असं थोडं थोडं शिकवायची योजना आहे. पंचायत समितीच्या पाणीपुरवठा विभागात विचारून ठेवा.

पहिले आठ दिवस: नुसतं चालायचं

शिकाऊ म्हणून किंवा ठेकेदाराचा हेल्पर म्हणून आत शिरलात की कुठल्याही बटणाला हात लावू नका. पाण्याच्या मागं चाला. धरणातल्या जॅकवेलपासून, म्हणजे पाणी उपसायच्या विहिरीपासून, नसेल जमत, तर निदान कच्चं पाणी प्लांटवर येतं तिथपासून.

पाणी आधी पायऱ्यांवरून खाली कोसळतं, तो एरेटर. तिथं हवा मिसळते, वास उडतो, लोह-मँगनीजचा थोडा बंदोबस्त होतो. तिथून फ्लॅश मिक्सर. इथं तुरटीचं द्रावण पडतं आणि अर्ध्या ते एका मिनिटात ते सगळ्या पाण्यात मिसळलं पाहिजे. मग ती मोठी गोल टाकी, क्लॅरिफ्लोक्युलेटर. मधल्या भागात पाणी वीस-तीस मिनिटं हळूहळू ढवळलं जातं, गढूळपणाचे बारीक कण एकमेकांना चिकटून कापसासारखे पुंजके होतात. बाहेरच्या भागात ते दोन-अडीच तासांत तळाला बसतात आणि वरचं निवळ पाणी काठावरून फिल्टरकडं जातं. फिल्टरच्या वाळूतून उतरलं की क्लोरीन, मग संप म्हणजे जमिनीतली साठवण टाकी, मग उंच टाकी.

हे पाठ करायचं नाही, हातानं बघायचं. प्रत्येक टप्प्यावर काचेच्या स्वच्छ बाटलीत पाणी घ्या, बाटल्या ओळीनं खिडकीत उजेडासमोर ठेवा. पहिली बाटली कच्च्या पाण्याची धरली, तर चौथ्या बाटलीत काहीतरी तरंगताना दिसलं की बिघाड तिसऱ्या टप्प्यावर आहे. गढूळपणा मोजणारा टर्बिडिटी मीटर बिघडला तरी ही युक्ती चालते, आणि आपल्याकडं तो बिघडलेलाच असतो असं धरून चाला.

जार टेस्ट

सगळ्या कामात एकच गोष्ट नीट शिकायची असेल तर ही. तुरटीचा डोस किती, हे पुस्तक सांगत नाही. मागच्या वर्षीचं लॉगबुकही सांगत नाही. त्या दिवसाचं पाणीच सांगतं.

एक लिटर पाण्यात दहा ग्रॅम तुरटी विरघळवा. हे एक टक्क्याचं द्रावण. याचा एक मिलिलिटर एक लिटर कच्च्या पाण्यात टाकला की डोस होतो १० मिलिग्रॅम प्रति लिटर, आपल्या भाषेत १० पीपीएम. एक-एक लिटरची सहा भांडी घ्या, त्यात अनुक्रमे १ ते ६ मिलिलिटर द्रावण टाका, म्हणजे १० ते ६० पीपीएम झालं. पहिलं एक मिनिट जोरात ढवळायचं, यंत्र असेल तर मिनिटाला १०० फेऱ्यांनी. मग पंधरा-वीस मिनिटं ३०-४० फेऱ्यांवर अगदी सावकाश. मग बंद, आणि अर्धा तास हात लावायचा नाही.

बघायचं काय? पुंजका केवढा होतो, किती लवकर बसतो आणि वरचं पाणी किती निवळ राहतं. समजा ३०चं भांडं निवळलं आणि ४०चंही तेवढंच निवळलं, तर डोस ३०. नवखा हमखास ४० घेतो, ‘जरा जास्त बरं’ म्हणून. जास्त बरं नसतं. तुरटी वाया जाते, गाळ वाढतो आणि ॲल्युमिनियम पाण्यात उरतं. भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्यात ते लिटरला ०.०३ मिलिग्रॅमच्या आत असावं, दुसरा पर्यायच नसेल तर फार तर ०.२.

माझं तिसरं वर्ष होतं. जूनच्या अखेरीस वरच्या अंगाला जोराचा पाऊस झाला आणि रात्री अकराला काळ्या मातीचं पाणी आलं, उसाच्या रसासारखं दाट. जार टेस्ट करायला तास जाईल म्हणून मी अंदाजानं तुरटी तिप्पट केली आणि निवांत बसलो. पहाटे चारला फिल्टरचे चारही बेड तुंबले. गावात चहाच्या रंगाचं पाणी गेलं. आमच्याकडं एक जुने ऑपरेटर होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. ते सहाला पाळीवर आले, क्लॅरिफ्लोक्युलेटरच्या काठावर उभे राहिले आणि म्हणाले, “लेका, तुरटी टाकलास ते दिसूलालंय. गाळ कधी काढलास?” मी रात्रभरात गाळाचा व्हॉल्व्ह एकदाही उघडला नव्हता. तिप्पट तुरटीचा तिप्पट गाळ तळाला साठला, वर आला आणि काठावरून थेट फिल्टरवर गेला. सकाळी जार लावला तर निम्म्याच तुरटीत काम होत होतं. तेव्हापासून पूर आला की मी आधी गाळाच्या व्हॉल्व्हकडं जातो. हिवाळ्यात तो पाळीत एक-दोनदा उघडला तरी भागतं, पुरात दर तासाला उघडावा लागतो.

पुराच्या दिवसांत बऱ्याच ठिकाणी तुरटीऐवजी ‘पॅक’ म्हणजे पॉलिॲल्युमिनियम क्लोराइड वापरतात. ते कमी लागतं, पुंजका लवकर होतो, पण महाग पडतं. त्याचीही जार टेस्ट वेगळी लावायची, तुरटीचा आकडा त्याला चालत नाही.

फिल्टर धुणं

रॅपिड सँड फिल्टरमध्ये वाळूचा थर साधारण ६० ते ७५ सेंटिमीटरचा असतो आणि दर चौरस मीटरमधून तासाला पाच-सहा घनमीटर पाणी उतरतं. वाळूत घाण अडकत जाते तसा पाण्याला अडथळा वाढतो. हा अडथळा म्हणजे हेडलॉस. तो दाखवणारा काटा पावणेदोन-दोन मीटरच्या आसपास आला की बेड धुवायचा. काटा आला नाही, पण खालचं पाणी गढूळ येऊ लागलं, तरीही धुवायचा.

आत येणारं पाणी बंद करा. वाळूच्या वर वीतभर पाणी राहीपर्यंत बेड उतरू द्या, मग खालचं आउटलेट बंद. घाण पाण्याची चेंबर उघडा. तीन ते पाच मिनिटं हवा सोडा, पण व्हॉल्व्ह हळू उघडा. एकदम उघडला तर खालची गिट्टी हलते आणि वाळू नोझलमधून निसटते, मग तो बेड आयुष्यभर नीट चालत नाही. हवा बंद करून उलटं पाणी सोडा, आठ-दहा मिनिटं, वरून वाहणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत. बेड पुन्हा चालू केल्यावर पहिली काही मिनिटं पाणी संपात घेऊ नका, वाया जाऊ द्या.

हवा चालू असताना काठावर उभं राहून बघायची सवय लावा. सगळीकडं सारखे बुडबुडे यायला हवेत. एका कोपऱ्यात बुडबुडेच नाहीत तर तिथले नोझल बंद आहेत. एकाच जागी पाणी उकळल्यासारखं उसळतंय तर नोझल फुटलाय. बेड कोरडा केल्यावर वाळूत भेगा किंवा मातीचे गोळे दिसले तर धुणं कमी पडतंय असं समजायचं. या गोष्टी कुणी सांगत नाही, कारण धुताना बहुतेक जण व्हॉल्व्ह उघडून चहाला जातात.

क्लोरीन: इथं चूक परवडत नाही

लहान योजनेत ब्लिचिंग पावडर, मोठ्यात गॅस.

ब्लिचिंग ताजी असते तेव्हा तिच्यात ३० ते ३५ टक्के क्लोरीन असतं. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत गोणी उघडी ठेवली की ते झपाट्यानं उतरतं, आणि उरते ती चुन्याची भुकटी. हिशोब बघा. एक लाख लिटरच्या टाकीला २ पीपीएम क्लोरीन द्यायचं तर २०० ग्रॅम शुद्ध क्लोरीन लागतं. पावडर ३३ टक्क्यांची असेल तर साधारण ६०० ग्रॅम पुरते, २० टक्क्यांवर उतरली असेल तर पुरी किलोभर. पावडर तशीच टाकीत ओतायची नाही. आधी थोड्या पाण्यात लगदा, मग बादलीत पातळ करून ठेवायचं, आणि चुना खाली बसला की वरची निवळ टाकीत सोडायची. अर्ध्या तासानं तपासायचं.

तपासायला पूर्वी ओटी म्हणजे ऑर्थोटोल्युडीन वापरायचो, पिवळा रंग येतो. ते रसायन आरोग्याला घातक मानलं जातं म्हणून आता डीपीडीची गोळी, तिचा रंग गुलाबी. अजून ओटीच असेल तर रंग लगेच वाचा. थांबलात तर रंग गडद होत जातो आणि नसलेलं क्लोरीन वहीत लिहिलं जातं. शेवटच्या नळाला किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळं क्लोरीन उरायला हवं. शेवटच्या म्हणजे खरोखर शेवटच्या, प्लांटच्या गेटवरच्या नव्हे. आपल्या बहुतेक शहरांत नळ रोज येत नाही. लाइन रिकामी असते तेव्हा फुटक्या जोडातून गटाराचं पाणी आत ओढलं जातं, आणि त्याच्याशी लढायला तेवढंच क्लोरीन असतं.

आता गॅस. ९०० किलोचा टोनर, म्हणजे क्लोरीनचं मोठं आडवं सिलिंडर, हा प्लांटवरचा सगळ्यात धोकादायक पाहुणा. त्याला दोन व्हॉल्व्ह असतात. टोनर असा फिरवून ठेवायचा की दोन्ही उभ्या रेषेत येतील. वरच्यातून गॅस निघतो, खालच्यातून द्रव. क्लोरीन हवेपेक्षा अडीचपट जड असतं, त्यामुळं ते जमिनीलगत आणि खड्ड्यात साचतं. गळती झाली तर वाऱ्याच्या उलट दिशेला आणि उंचावर पळायचं, जिन्याखाली किंवा नाल्यात लपायचं नाही. अमोनियाचा बोळा जवळ नेला की गळतीच्या जागी पांढरा धूर होतो, तशी जागा सापडते. पण हे काम श्वसनयंत्र लावलेल्या, शिकलेल्या माणसाचं. नाकाला ओला रुमाल बांधून आत शिरणारे मी पाहिलेत, ते धाडस नव्हे. आणि गळतीवर पाणी मारायचं नाही. पाणी लागलं की आम्ल तयार होतं, धातू खातं आणि भोक मोठं होतं.

ज्या ठिकाणी क्लोरीन खोलीत एकट्यालाच पाठवतात, श्वसनयंत्र कुलपात आणि किल्ली साहेबाच्या घरी असते, त्या ठिकाणी पहिल्याच दिवशी लेखी मागणी द्या. नोकरी जाईल अशी भीती वाटते, मलाही वाटली होती. गेली नाही. किल्ली आली.

वर्षभराचं पाणी

एप्रिल-मेमध्ये धरणं मृतसाठ्यात जातात. जायकवाडीचा मृतसाठाच २६ टीएमसीचा आहे, त्यामुळं तिथं पाणी असतं, फक्त उपसा अवघड होतो. मांजरासारख्या धरणात मात्र तळच दिसतो. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते त्यामुळंच. तळाचं पाणी दिसायला फार गढूळ नसतं, पण त्याला शेवाळाचा, मातीचा वास येतो आणि ते क्लोरीन भरपूर खातं. हिवाळ्यात १ पीपीएमला भागत असेल तर इथं दुप्पट-तिप्पट जातं. शेवाळ फिल्टर लवकर तुंबवतं, म्हणून क्लोरीनचा थोडा डोस कच्च्या पाण्यालाच द्यावा लागतो. जून ते सप्टेंबर पुराचं पाणी, त्याबद्दल वर आलंच. दिवाळीनंतर तीन-चार महिने पाणी शहाण्यासारखं वागतं. दुरुस्त्या, व्हॉल्व्हला ग्रीस, बेडची वाळू बघणं हे तेव्हा उरकायचं.

गावच्या बोअरच्या योजनेचं गणित वेगळं. किनवटसारख्या भागात प्रश्न गढूळपणाचा नसतो, फ्लोराइडचा असतो. मर्यादा १ मिलिग्रॅम, पर्याय नसेल तर १.५. नेहमीच्या तुरटी-क्लोरीननं फ्लोराइड जात नाही, आणि पाणी उकळलं तर उलट वाढतं, कारण पाणी उडतं आणि ते मागं राहतं. असं पाणी निवळ दिसतं म्हणून कुणी ऐकत नाही. लॅबचा कागद दाखवत राहणं एवढंच हातात असतं.

वही

प्लांटचं लॉगबुक ठेकेदाराचं असतं, आणि त्यात सगळे आकडे सारखे दिसतात. रात्री तीनला टर्बिडिटी ०.८, चारला ०.८, पाचलाही ०.८. पाणी इतकं शिस्तीचं नसतं. तुमची वेगळी डायरी ठेवा. तारीख, वेळ, कच्च्या पाण्याचा गढूळपणा, पीएच, डोस, फिल्टरनंतरचा गढूळपणा, क्लोरीन, आणि एक रकाना ‘काय झालं’ याचा. मानकाप्रमाणे शुद्ध पाण्याचा गढूळपणा १ एनटीयूच्या (हे गढूळपणाचं माप) आत हवा, पर्याय नसेल तर ५ पर्यंत. १.४ आला तर १.४ लिहा. पुढच्या वर्षी जूनमध्ये हीच डायरी मामाची जागा घेते.

पाळी बदलताना तोंडी ‘सगळं ओके’ घेऊ नका. किती पंप चालू, कोणता बेड कधी धुतला, गाळ कधी काढला, तुरटीच्या टाकीत किती उरलंय आणि टोनर कधी बदलायचाय, हे विचारून घ्या, मगच सही करा.

नोकरीकडं

जागा चार ठिकाणी असतात: महापालिका-नगरपरिषदा, जीवन प्राधिकरण, एमआयडीसी आणि या सगळ्यांची देखभाल घेणारे ठेकेदार. खरं सांगायचं तर सुरुवात बहुधा ठेकेदाराकडूनच होते. पगार बँकेत घ्या, पीएफचा नंबर पहिल्या महिन्यातच मागा, आणि दर वर्षी अनुभवाचा दाखला लेटरहेडवर घेऊन ठेवा. ठेका संपला की तो ठेकेदार फोन उचलत नाही. कायम भरतीच्या वेळी या तीन कागदांवरच सगळं अडतं.

मुलाखतीत गणित हमखास विचारतात. सूत्र सोपं आहे: एमएलडी गुणिले पीपीएम बरोबर दिवसाचे किलो. एक एमएलडी म्हणजे दिवसाला दहा लाख लिटर. १० एमएलडीचा प्लांट, ३० पीपीएम तुरटी, म्हणजे दिवसाला ३०० किलो, पन्नास किलोच्या सहा गोण्या. प्लांट सोळाच तास चालत असेल तर पाणी तेवढंच कमी, म्हणून गोण्या चार. अनेक जण इथं सहाच सांगतात. हे बरोबर आलं की पुढचा प्रश्न बहुधा टोनरच्या गळतीचा असतो.